आरती येते, मग लेकीचं नाव का येत नाही?

पत्र, थोडक्यात:

"माझे बाबा 75 वर्षांचे. फोंड्याच्या बाजारात आमचा किराणाचा पसरा, आता भाऊ बघतो. फेब्रुवारीत बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन चालतात. बोलणं मात्र तिथेच अडकलंय. काहीही हवं असलं की 'तांदूळ' म्हणतात, पाणी पण तांदूळ आणि चष्मा पण तांदूळ. 'पाणी जाय?' विचारलं की 'हय' म्हणतात आणि दिलं की ग्लास ढकलतात. पण एक ते दहा धडाधड मोजतात, तेही पोर्तुगीजमध्ये, आणि संध्याकाळची आरती आमच्याबरोबर पूर्ण म्हणतात. माझं नाव विचारलं तर गप्प. भाऊ म्हणतो आरती येते मग नाव का येत नाही, मुद्दाम करतात. आईला शिव्या देतात, ज्यांच्या तोंडून आम्ही जन्मात शिवी ऐकली नव्हती, आई आत जाऊन रडते. माझी मुलगी रोज कार्डं दाखवून नावं विचारते, तर कार्डं फेकून देतात. कोणी म्हणतं एकाच भाषेत बोला, कोणी म्हणतं घाड्याकडे, म्हणजे देवऋष्याकडे न्या. बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं. त्यांना आमचं समजतं का? परत बोलतील का? चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला सगळं घर भरणार, तेव्हा काय करू?" (एक लेक, फोंडा)

ताई,

पहिल्यांदा भावाच्या प्रश्नाला उत्तर देते कारण मला वाटतं तुमच्या घरात सगळं त्याच प्रश्नापाशी अडलंय. बाबा मुद्दाम करत नाहीत. आरती म्हणणं आणि लेकीला नावाने हाक मारणं ही मेंदूसाठी दोन वेगळी कामं आहेत आणि बाबांच्या डोक्यात त्यातलं एक वाचलंय, दुसऱ्याला मार बसलाय. भावाला हे वाक्य वाचून दाखवा, रागाने नको, शांतपणे.

मी स्पीच थेरपिस्ट आहे पण पत्रावरून निदान करत नाहीये, ते बाबांना समोर बसवून तपासल्याशिवाय कोणीच करू नये. तरी तुम्ही जे लिहिलंय ना, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, एकच शब्द पुन्हा पुन्हा, मोजणं आणि आरती शाबूत, हे सगळं एकत्र आलं की बहुतेक वेळा डाव्या मेंदूतला स्ट्रोक आणि त्यातून आलेला अफेजिया निघतो, ज्याला मराठीत वाचाघात म्हणतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, आणि शरीराची उजवी बाजू पण डावा मेंदूच हलवतो, म्हणून डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हात, पाय आणि भाषा अशी तिन्ही एकदम जातात. स्ट्रोक झालेल्या साधारण दर तीन माणसांमागे एकाला असा भाषेचा त्रास होतो, म्हणजे तुमचं घर काही एकटं नाही, फोंड्याच्या बाजारात चार जणांना विचारलंत तर कुणाचे तरी मामा नाहीतर शेजारी निघतीलच.

आता तो पोर्तुगीज आकड्यांचा प्रकार. बाबा लहानपणी गोवा मुक्तीच्या आधी पोर्तुगीज शाळेत गेले असणार आणि तिथे "उं, दोइश, त्रेश" इतकं घोकून घेतलं असणार की ते आता विचार करून बोलावं लागतच नाही, एक निघालं की मागचं आपोआप येतं. आकडे, वार, प्रार्थना, आरत्या, रामराम, आणि शिव्या, हे सगळं या आपोआप येणाऱ्या बोलण्यात मोडतं. ते मेंदूत जास्त पसरलेलं असतं, त्यात उजव्या बाजूचाही हात असतो असं मानतात, म्हणून डावी बाजू बिघडली तरी ते वाचतं. पण "मला चष्मा पाहिजे" हे वाक्य दरवेळी नव्याने जुळवावं लागतं, आधी काय म्हणायचंय ते, मग त्याचा शब्द, मग शब्दातले आवाज एकामागून एक. ती जुळणी करणारा भागच दुखावलाय. सात म्हणायला सांगा बरं, बाबा एकपासून सुरुवात करून सातपर्यंत येतील, पण थेट सात बहुतेक म्हणता येणार नाही. भावाला हे करून बघू दे, एकदाच, आणि परत नको.

शिव्यांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण तुमची आई आत जाऊन रडते हे वाचून मला राहवलं नाही. 1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात पॉल ब्रोका नावाच्या सर्जनने एका पेशंटला तपासलं, लबॉर्न नावाचा माणूस, एकवीस वर्षं तो तिथेच होता. त्याला काहीही विचारलं तरी तो "तां तां" एवढंच म्हणायचा आणि सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. समजायचं त्याला बरंच, डाव्या हाताच्या खुणांनी उत्तरं द्यायचा. पण समोरच्याला त्याचं म्हणणं कळलं नाही आणि तो चिडला की त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक अस्सल फ्रेंच शिवी स्पष्ट बाहेर पडायची! तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा होती, आणि त्या जागेला आजही ब्रोकाचा भाग म्हणतात. म्हणजे या आजाराचा वैद्यकशास्त्रातला सगळ्यात गाजलेला पेशंट अगदी तुमच्या बाबांसारखाच होता, एकच शब्द आणि राग आला की शिवी.

तेव्हा आईला सांगा की ती शिवी तिला दिलेली नाही. बाबा आतून काहीतरी सांगायला धडपडतात, शब्द येत नाही, राग अनावर होतो आणि त्या क्षणी जे एकच दार उघडं आहे तिथून जे बाहेर येतं ते येतं. इतकी वर्षं पसऱ्यावर बसून गिऱ्हाइकांच्या, हमालांच्या तोंडून त्यांनी ऐकलं असेलच ना, ऐकलेलं सगळं साठलेलं असतं, चांगल्या माणसाच्या डोक्यातही. बऱ्याचदा बाबांना स्वतःला नंतर कळतं आपण काय बोललो ते आणि ते आईपेक्षा जास्त खचतात. अशा वेळी आईने उत्तर देऊ नये, आत पण जाऊ नये, एवढंच म्हणावं की "तुमकां किदें तरी सांगपाचें आसा, म्हाका कळ्ळें" आणि हातावर हात ठेवावा. आणि हो, आईसाठी पण कोणीतरी असू दे. दिवसातले दोन तास तुम्ही किंवा वहिनीने बाबांजवळ बसा आणि आईला देवळात जाऊ दे, शेजारी जाऊ दे. तिचं पण कोणाशी तरी बोलायचं राहून गेलंय, ज्यांच्याशी रोज बोलायची तेच बोलू शकत नाहीत.

त्यांना समजतं का, हा तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न. बहुतेक बरंच समजतं, पण सगळं नाही, आणि ही मधली अवस्था घरच्यांना पकडायला अवघड जाते. "जेवायला चला" समजेल. "काल मामा आले तेव्हा त्यांनी दादाला दिलेले पैसे बँकेत भरले का" हे डोक्यावरून जाईल, कारण कोणी कोणाला काय दिलं हे वाक्याच्या घडणीवरून कळतं आणि तीच घडण त्यांना जड जातेय. त्यात टीव्ही चालू, मिक्सर चालू, तिघं एकदम बोलतायत, मग जे समजायचं तेही जातं. पण माणसं ओळखणं, आपलं घर, आपला पसरा, कोणाची उधारी राहिलीय, कोण आवडतं कोण नाही, हे सगळं तसंच असतं. पसऱ्यातला माल जागच्या जागी आहे, पाट्या तेवढ्या गळून पडल्यात. म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "आता काही कळत नाही त्यांना" असं कोणीही बोलायचं नाही, पाहुण्यांनी तर मुळीच नाही. आणि मोठ्याने ओरडून पण बोलायचं नाही, कानाला काही झालेलं नाही.

एक फरक इथे सांगून ठेवते कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना लागेल. काही जणांचं उलटं होतं, मेंदूत थोडं मागे, कानाच्या वरच्या बाजूला इजा झाली की माणूस न अडखळता भराभर बोलतो पण त्याला अर्थ नसतो, शब्द चुकीचे किंवा नवेच बनवलेले, आणि समोरच्याचंही नीट समजत नाही. 1874 मध्ये कार्ल वर्निके याने हे लिहून ठेवलं. अशा माणसाला घरचे लोक "पिसं लागलं" म्हणून मोकळे होतात आणि ते फार वाईट आहे, तोही स्ट्रोकच असू शकतो. तिसरा प्रकार म्हणजे शब्द बरोबर, वाक्य बरोबर, पण जीभ-ओठ कमजोर म्हणून बोबडं, घोगरं येतं, तिथे भाषा शाबूत असते आणि माणूस लिहून सगळं सांगू शकतो. आणि स्ट्रोक वगैरे काही नाही, पण वर्षभर हळूहळू शब्द आठवेनासे होतायत, असं असेल तर तो वेगळाच आजार असू शकतो, ब्रूस विलिस या हॉलिवूडच्या नटाला आधी अफेजिया सांगितला आणि 2023 मध्ये त्याच्या घरच्यांनी डिमेन्शियाचा एक प्रकार निघाला असं जाहीर केलं, तो त्यातला. तुमच्या बाबांचं तसं नाही, त्यांचं एका दिवसात झालं आणि तिथून सुधारायला जागा आहे.

कोणीतरी तुम्हाला आज ना उद्या सांगेल की बोलता येत नाही ना, मग वही-पेन द्या, लिहून दाखवतील. अफेजियात लिहिणं-वाचणंही त्याच तडाख्यात सापडतं, शिवाय उजवा हात गेलाय. अक्षरांचा तक्ता देऊन एकेक अक्षर दाखवायला सांगणं पण तसंच, शब्दच जुळत नाही तर त्याची अक्षरं कुठून दाखवणार. लिहायला जमलं तर आनंदच आहे पण जमलं नाही म्हणून "एवढं पण येत नाही" असा चेहरा करू नका.

आता कार्डांकडे येते, आणि खरं सांगायचं तर पूर्ण पत्रात मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय. तुमची मुलगी आजोबांवर जीव टाकून हे करतेय, तिला ओरडू नका. पण विचार करा, ज्या माणसाने इतकी वर्षं पसरा सांभाळला, तोंडी हिशोब केले, त्याच्यासमोर सकाळ-संध्याकाळ नात केळ्याचं चित्र धरते आणि विचारते "हें किदें?" केळं आहे हे त्यांना माहीत आहे! आणि ते माहीत आहे हे दाखवायचा एकच रस्ता ती मागतेय, जो बंद आहे. दिवसातून वीस वेळा नापास व्हायचं, तेही घरच्यांसमोर. मी असते तर मीही कार्डं फेकली असती. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं, मुलगा विचारतो "मी कोण सांगा", सून विचारते "आज वार कुठला", भेटायला आलेला जावई पण जाता जाता विचारतो "माझं नाव काय?" घराची शाळा होते आणि म्हातारा माणूस हळूहळू तोंडच उघडायचं बंद करतो, मग सगळे म्हणतात बघा, बिघडत चाललंय.

ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असा एकही प्रश्न बाबांना विचारायचा नाही. आजपासून हा घरचा नियम करा, भिंतीवर लावा हवं तर. ज्याचं उत्तर खरंच हवंय तेच विचारा. आज बांगडे आणू की सुंगटां? पसऱ्यात नवीन कपाट इकडे ठेवू की तिकडे? दोन्ही गोष्टी समोर ठेवा, नाहीतर मोबाईलवर फोटो दाखवा, किंवा कागदावर मोठ्या अक्षरात दोन शब्द लिहा, बोटाने दाखवू देत. आणि मग जे दाखवलं ते खरंच करा. बाबांना बोलायला लावणं हे घरच्यांचं काम नाहीच, ते थेरपिस्टचं काम. घरच्यांचं काम एवढंच की त्यांचं म्हणणं कुठल्याही वाटेने तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे, हाताने, डोळ्यांनी, चित्र काढून, कॅलेंडरवर बोट ठेवून. गंमत म्हणजे असा ताण गेला की कधीकधी शब्द आपणहून निघतो.

नातीला नवीन काम द्या. तिला म्हणावं एक जाड वही घे आणि आजोबांची वही कर. पहिल्या पानांवर घरातली सगळी माणसं, फोटो आणि खाली नाव, मग जेवणाच्या गोष्टी, शीत, हुमण, पेज, चहा, मग घरातल्या जागा, फोंड्याचा बाजार, पसरा, देऊळ, पणजी, मडगाव, बांबोळीचं हॉस्पिटल, मग दुखतंय कुठे ते दाखवायला शरीराचं चित्र, एक पान रागाचं, दुःखाचं, कंटाळ्याचं, एक पान रुपयांचं. नेटवरची परकी चित्रं नकोत, आपल्याच घरातला तांब्या, आपलाच बाक, तेच फोटो काढायचे. वही आजोबांना सोबत घेऊन बनवायची, कुठला फोटो घ्यायचा ते त्यांनी ठरवायचं. आणि नाव घ्यायचं ते विचारून नाही, वाक्यात सहज घ्यायचं, "हा चष्मा, चष्मा घाला, चष्मा पुसून देऊ?" असं. ऐकत ऐकत शब्द परत रुजतात.

त्या "हय"चं काय करायचं. हो आणि नाही यांची अदलाबदल अफेजियात खूप होते, मनात ना असतं आणि तोंडातून हय जातं, म्हणून नुसत्या तोंडच्या हयवर विश्वास ठेवू नका, विशेषतः औषध आणि पैशाच्या बाबतीत. विचारताना ग्लास हातात धरून दाखवा, चेहरा बघा, हात पुढे येतो का बघा. अंगठा वर म्हणजे हो आणि खाली म्हणजे नाही, ही खूण तुम्ही स्वतः प्रत्येक वेळी करत जा, त्यांना करायला न लावता, महिन्याभरात बरेच जण उचलतात. महत्त्वाचं असेल तर दोनदा उलटसुलट विचारा, "पाणी पाहिजे?" आणि थोड्या वेळाने "पाणी नको?", दोन्हीला हय आलं तर समजा की अजून कळलेलं नाही. एक प्रश्न विचारला की थांबा, मनात दहापर्यंत मोजा, गोंयच्या माणसाला एवढं गप्प राहणं कठीण आहे पण थांबा. आणि नाही कळलं तर कळल्यासारखं करू नका, सरळ म्हणा की तुम्हाला माहीत आहे काय सांगायचंय, मलाच कळत नाहीये, परत बघूया. हे वाक्य त्यांच्यासाठी फार मोठं आहे, चूक त्यांची नाही हे त्यात आलं.

भाषेचं आता. एकाच भाषेत बोला हा सल्ला तुम्हाला ज्यांनी दिला त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण गोव्यातल्या घराला तो लागू करणं म्हणजे घर बंद करण्यासारखं आहे. बाबा घरात कोंकणी बोलतात, पेपर आणि आरती मराठीत, हिशोबाचे काही आकडे पोर्तुगीजमध्ये, ट्रकवाल्याशी हिंदी. दीडशे वर्षांपूर्वी रिबो नावाच्या फ्रेंच माणसाने म्हटलं की पहिल्यांदा शिकलेली भाषा आधी परत येते, पुढे 1895 मध्ये पित्र याने म्हटलं की नाही, आजाराआधी जी जास्त वापरात होती ती आधी येते. पुढे जगभरचे पेशंट बघून असं दिसलं की बहुतेकांच्या सगळ्या भाषा साधारण बरोबरीनेच सुधारतात, काहींची एक पुढे जाते, एक मागे राहते, आणि कुठली ते आधी सांगता येत नाही. म्हणून घरात जी भाषा बोलायचात तीच बोला, म्हणजे कोंकणी, आणि आरतीची मराठी आरतीतच राहू दे. त्यांनी भाषा मिसळली तर मिसळू देत, मराठी वाक्यात पोर्तुगीज शब्द आला तरी तो शब्द आला ना! थेरपिस्टला मात्र पहिल्याच भेटीत हे सगळं सांगा, कुठली भाषा कधी, कुणाशी, वाचायची कुठली, म्हणजे तपासणी फक्त इंग्रजी-हिंदीत होऊन अर्धा माणूस बाहेर राहणार नाही.

आणि आरती तर म्हणतात, मग गाण्यातून बोलणं येईल का? 1973 मध्ये अमेरिकेत बॉस्टनमध्ये अशी एक पद्धत सुरू झाली, छोटी वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. काहींना उपयोग होतो, सगळ्यांना नाही, आणि नुसतं रोज आरती म्हटल्याने बोलणं येत नाही हे पण खरं. तरी आरती चालूच ठेवा, दिवसभरात तेवढा एकच वेळ असा आहे जेव्हा बाबांचा आवाज बाकीच्यांच्या आवाजात मिसळून स्पष्ट येतो आणि त्यांना कोणी तपासत नाही.

परत बोलतील का, याचं सरळ उत्तर असं की सुधारतील, किती ते कोणी छातीठोक सांगू नये. सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत आणि पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतर वेग कमी होतो पण थांबत नाही. "सहा महिने झाले की जे आहे ते राहतं" असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ऐकू नका. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात जर्मनीतला एक मोठा अभ्यास आला, स्ट्रोकला सहा महिन्यांहून जास्त झालेल्या लोकांना तीन आठवडे, आठवड्याला निदान दहा तास थेरपी दिली, तर रोजच्या बोलण्यात फरक पडला. त्यातले लोक 70 वर्षांपर्यंतचेच होते हे मी लपवत नाही, पण 75 ला मेंदू शिकायचं बंद करतो असं काही नाही. त्यातून घ्यायचं ते हे की आठवड्यातून अर्धा तास पुरत नाही. थेरपिस्टला विचारा रोज घरी काय करायचं, लिहून घ्या, आणि तेवढाच वेळ अभ्यास, बाकीचा दिवस घर.

कुठे जायचं? गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न्यूरोलॉजीत दाखवताय ना, तिथेच स्पीच थेरपीसाठी चिठ्ठी मागा, स्वतःहून मागावी लागते बऱ्याचदा, फिजिओ सगळ्यांना आठवतो आणि ही राहून जाते. खाजगीत बघणार असाल तर बीएएसएलपी ही स्पीच थेरपीची डिग्री किंवा त्याच्या पुढची आणि आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, यात लाजायचं काही नाही. जवळपास नियमित वेळ मिळत नसेल तर व्हिडिओ कॉलवरही थेरपी चालते, आणि सविस्तर तपासणीसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, 1965 पासूनची, मुंबईला बांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे. घाड्याकडे किंवा कौल लावायला जायचं असेल तर घरच्यांचं मन मोडू नका, जाऊन या, पण त्यासाठी थेरपीची एकही वेळ चुकवायची नाही आणि एकही गोळी बंद करायची नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम विचारा. पेज किंवा पाणी पिताना बाबांना ठसका लागतो का, नंतर आवाज ओलसर येतो का? लागत असेल तर लगेच सांगा, गिळायचा त्रास पण स्ट्रोकमध्ये असतो आणि त्यातून छातीत इन्फेक्शन होतं. आणि दुसरं म्हणजे मन. स्ट्रोकनंतर साधारण तिसऱ्या हिश्शातल्या लोकांना डिप्रेशन येतं, आणि ज्याला बोलता येत नाही तो सांगणार कसा की मला बरं वाटत नाही. झोप गेली, जेवण कमी झालं, आरतीलाही येईनात, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, त्यावर औषध आहे.

बँकेचं सोपं आहे, घाबरू नका. जो खातेदार आजारामुळे सही करू शकत नाही त्याचा अंगठा चालतो, रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. मॅनेजरला हे नीट सांगा. डाव्या हाताची सही बसली की ती नवीन नमुना म्हणून देता येईल. बाबांना समोर बसवूनच व्यवहार करा, त्यांच्या डोक्यावरून नको, रक्कम कागदावर आकड्यात लिहून दाखवा. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वात अफेजियाचं नाव स्पष्ट आहे, ते कायमचं राहिलं तर सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळू शकतं, अजून थोडा वेळ जाऊ दे, मग डॉक्टरांना विचारा.

हे मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवू दे, कारण एकदा स्ट्रोक झालेल्याला परत व्हायचा धोका असतो. तोंड वाकडं, हात गळून पडला, बोलणं अचानक बदललं, दहा मिनिटांत परत ठीक झालं तरीसुद्धा, सरळ 108. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण 4.5 तासांच्या आतच देता येतं, आणि त्यात स्कॅनचा वेळ पण धरायचा. बाबांचं बोलणं मुळातच अडकतं म्हणून नवीन झटका घरच्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून आज ते काय काय बोलतात, कसं बोलतात त्याचा एक छोटा व्हिडिओ करून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला पण उपयोगी पडेल.

आणि चवथ. घर भरेल, घुमट, म्हणजे आपलं आरतीचं मातीचं वाद्य, वाजतील, आठ जण एकदम बोलतील, आणि प्रत्येक जण येऊन बाबांना म्हणेल "वळखलें मरे म्हाका?" त्याच्या आधीच घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक मेसेज टाका, भावाने टाकला तर आणखी बरं, की बाबा सगळ्यांना ओळखतात, त्यांना नाव विचारू नका, स्वतःचं नाव सांगून शेजारी बसा, एका वेळी एकच जण, आणि त्यांच्याशी बोला, त्यांच्याबद्दल नको. त्यांच्यासाठी आतली एक शांत खोली ठेवा, दमले की तिथे जाऊ देत, अफेजियात नुसतं ऐकण्यानेही माणूस खूप थकतो. घुमटावर आरत्या सुरू झाल्या की त्यांना मध्ये बसवा, बाजूला नको. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची चौकट, बांधताना कुठलं फळ कुठे ते आजवर तेच सांगत आले असतील, यंदाही त्यांनाच खुर्चीवर बसवून बोटाने दाखवायला सांगा, भाऊ बांधेल. फक्त कोणीही नारळ हातात धरून "हें किदें तें सांगात" म्हणायचं नाही.

चवथीला वेळ आहे, वहीचं काम नातीला आजच द्या आणि बांबोळीची चिठ्ठी या आठवड्यात घेऊन या. थेरपिस्टने तपासून काय सांगितलं ते मला परत लिहा, त्यावरून पुढचं बोलू.